जस्टिन जेफरसन आणि रँडी मॉस: पहिल्या पाच हंगामांचे आकडे काय सांगतात?

जांभळाझेंडा (धागाकर्ता)

एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या मुख्य लीगचा, २०२५चा हंगाम सप्टेंबरात सुरू होतोय. त्याआधी एक विषय नीट मांडून घ्यावा म्हणून हा धागा. मिनेसोटा वायकिंग्जबद्दल कुठेही बोलणं निघालं की हा प्रश्न येतोच आणि दहा मिनिटांत वाद हातघाईवर जातो: जस्टिन जेफरसन रँडी मॉसच्या पुढे गेला का?

तुलना करायला ही जोडी चांगली आहे. दोघं एकाच संघाचे रिसीव्हर, म्हणजे पुढे पळत जाऊन फेकलेला चेंडू पकडणारे. मॉस १९९८च्या ड्राफ्टमध्ये (संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो) २१वा निवडला गेला, जेफरसन २०२०मध्ये २२वा. जेफरसनच्या अगदी एक क्रमांक आधी फिलाडेल्फियाने रिसीव्हरच घेतला, पण तो जेलन रेगर. मॉसच्या वेळी डॅलसने आठव्या क्रमांकावर त्याला सोडून ग्रेग एलिसला घेतलं. मॉसने ते मनात ठेवलं. त्याच वर्षी थँक्सगिव्हिंगच्या दिवशी डॅलसच्याच मैदानावर त्याने फक्त तीन कॅच घेतले. ५१ यार्ड, ५६ यार्ड, ५६ यार्ड. तिन्ही टचडाउन, म्हणजे चेंडू थेट गोललाइनच्या, मैदानाच्या शेवटच्या रेषेच्या, पलीकडे.

आता आकडे. जेफरसनचे पाच हंगाम पूर्ण झालेत, म्हणून मॉसचेही पहिले पाचच घेतो.

मॉस, १९९८ ते २००२: ८० सामने, ४१४ कॅच, ६,७४३ यार्ड, ६० टचडाउन.
जेफरसन, २०२० ते २०२४: ७७ सामने, ४९५ कॅच, ७,४३२ यार्ड, ४० टचडाउन.

तीन सामने कमी खेळून जेफरसन ६८९ यार्डांनी पुढे आहे. पहिल्या पाच हंगामांत इतके यार्ड त्याच्याआधी कुणीच केले नव्हते. सामन्यामागे मॉसचे ८४ यार्ड पडतात, जेफरसनचे ९६च्या वर. पण टचडाउनच्या रकान्यात वीसचा खड्डा आहे. मॉस साधारण दर सात कॅचमागे एक टचडाउन करायचा, जेफरसनला बारा कॅच लागतात.

माझं मत आधीच सांगतो. रिसीव्हर म्हणून जेफरसन जास्त परिपूर्ण आहे. पण समोरच्या संघाला झोप न लागू देणारा खेळाडू मॉसच होता, आणि हे वीस टचडाउन म्हणजे त्या भीतीचंच माप आहे. तुमचं काय मत?

गोदाकाठ

मी नाशिकला असते. गेल्या हंगामापासून मुलाच्या नादाने बघायला लागले आहे. रविवारी रात्री साडेदहाला पहिले सामने लागतात, निदान एक तरी बघून झोपते. एक शंका आहे. यार्ड जास्त म्हणजे खेळाडू मोठा, की टचडाउन जास्त म्हणजे मोठा? गुण तर टचडाउनचेच मिळतात ना?

चौथाडाउन

गोदाकाठताई, प्रश्न मुद्द्याचा आहे. टचडाउनचे सहा गुण मिळतात, यार्डांचा एकही नाही. पण चार प्रयत्नांत दहा यार्ड काढले तरच चेंडू तुमच्याकडे राहतो. म्हणजे जो रिसीव्हर दर वेळी बारा-पंधरा यार्ड काढून देतो, तो संघाला मैदानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत नेतो. मग शेवटचे दोन यार्ड कुणीही काढो. धावणाऱ्याच्या हातात चेंडू दिला, तर टचडाउन त्याच्या नावावर लागतो.

म्हणून यार्डांचा आकडा हंगामागणिक बराच स्थिर राहतो, टचडाउनचा वरखाली होतो. कॅल्विन जॉन्सनने २०१२मध्ये १,९६४ यार्ड केले. एका हंगामातला तो विक्रम आजही उभा आहे. त्या वर्षी त्याचे टचडाउन किती? पाच. ज्यूलिओ जोन्सने २०१७मध्ये १,४४४ यार्ड केले आणि टचडाउन तीन. या दोघांना कुणी दुय्यम म्हणेल का? जेफरसन याच घराण्यातला आहे. धागाकर्त्यांनी वीस टचडाउनच्या फरकाला भीतीचं माप म्हटलंय, ते मला पटत नाही.

सेंटपॉलची_मेघना

चौथाडाउन यांना अनुमोदन. त्यात एक भर घालते. जेफरसनच्या वाट्याचे टचडाउन गेले कुठे ते बघा. २०२०मध्ये जेफरसनचे ७, आणि त्याच संघात अॅडम थीलनचे १४. २०२१मध्ये थीलनचे पुन्हा १०. गोललाइनच्या जवळ आलं की क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा) कर्क कझिन्स थीलनकडे बघायचा, कारण त्या अरुंद जागेत थीलनसारखं सुटणं फार थोड्यांना जमतं. थीलन गेला तर २०२३मध्ये जॉर्डन अॅडिसन आला. पहिल्याच वर्षी १० टचडाउन, दुसऱ्या वर्षी ९.

हे असं का होतं? पाच यार्डांवर चेंडू असताना बचावातले दोघं जेफरसनच्या अंगावर असतात. त्यामुळे दुसरा कुणीतरी मोकळा सुटतो. त्या टचडाउनमध्ये जेफरसनचा वाटा आहे, पण तो कुठल्याच रकान्यात दिसत नाही.

आणि २०२३ विसरू नका. पाचव्या सामन्यात मांडीचा स्नायू दुखावला, सात सामने बाहेर. तो परत येईपर्यंत कझिन्सच्या टाचेमागचा स्नायुबंध तुटला होता. जोशुआ डॉब्स, निक मलन्स, जो हाताला येईल तो क्वार्टरबॅक. तरी दहा सामन्यांत १,०७४ यार्ड. शेवटच्या सामन्यात डेट्रॉइटविरुद्ध मलन्सच्या हातून १९२. अशा परिस्थितीत एखादा खचला असता. मला तो हंगाम त्याच्या १,८०९ यार्डांच्या हंगामापेक्षाही मोठा वाटतो.

जुनापाहुणा

मेघनाताई, थीलनचा मुद्दा मान्य, पण मग मॉसच्या शेजारी कोण होता तेही बघा. क्रिस कार्टर. हॉल ऑफ फेमचा खेळाडू, टचडाउनसाठीच प्रसिद्ध. १९९८मध्ये कार्टरने १२ टचडाउन केले, १९९९मध्ये १३, २०००मध्ये ९. त्यातून वाटा काढून मॉसने १७, ११ आणि १५ केले. वाटेकरी दोघांनाही होते.

मी १९९८च्या उन्हाळ्यात नोकरीसाठी विस्कॉन्सिनला आलो. खेळ कळत नव्हता. ऑफिसातले सगळे ग्रीन बे पॅकर्सचे भक्त. ५ ऑक्टोबरला सोमवारी रात्री वायकिंग्ज लॅम्बो मैदानावर आले. पॅकर्स घरच्या मैदानावर सलग २५ सामने हरले नव्हते. त्या रात्री पाऊस होता आणि हा एकवीस वर्षांचा मुलगा डोक्यावरून येणारे चेंडू दोन-दोन बचावपटूंच्या वरून काढून घेत होता. पाच कॅच, १९० यार्ड, दोन टचडाउन. दुसऱ्या दिवशी ऑफिसात कुणी कुणाशी बोलेना. खेळाचे नियम मला पुढे वर्षभराने कळले, पण काहीतरी भयंकर घडलंय हे त्या मंगळवारी कळलं.

पुढचं ऐका. १९९९च्या ड्राफ्टमध्ये ग्रीन बेने पहिल्या तीन फेऱ्यांत काय घेतलं? अँटवान एडवर्ड्स, फ्रेड विन्सन, माइक मॅकेन्झी. तिघेही बचावाच्या मागच्या फळीतले. एका संघाने ड्राफ्टमधल्या आपल्या सगळ्यात मोलाच्या जागा एका माणसाला अडवण्यासाठी खर्च केल्या. जेफरसनमुळे कुठल्या संघाने असं केलंय? धागाकर्ते ज्याला भीती म्हणतात ती ही. आकड्यांच्या तक्त्यात ती मावत नाही, पण घडलेली गोष्ट आहे.

शेवटचीओव्हर

इथे काळाचा फरक धरल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही. मॉस पहिल्या सहा हंगामांत ज्या नियमांखाली खेळला ते आता तसे लागू होत नाहीत. पाच यार्डांपलीकडे रिसीव्हरला धक्का द्यायचा नाही हा नियम १९७८पासूनचा, पण पंच त्याकडे काणाडोळा करत. २००३ हंगामाच्या प्लेऑफमध्ये न्यू इंग्लंडच्या बचावाने इंडियानापोलिसच्या रिसीव्हरांना अक्षरशः धरून ठेवलं. त्यानंतर २००४पासून लीगने तोच नियम कडकपणे राबवायला सांगितला. शिवाय मधून धावणाऱ्या रिसीव्हरच्या डोक्यावर आदळण्याबाबत पूर्वी आजच्याइतकी कडक बंदी नव्हती, आज त्यावर लगेच फ्लॅग पडतो, म्हणजे दंड होतो.

परिणाम बघा. १९९८मध्ये सगळ्या लीगमध्ये मिळून पूर्ण होणाऱ्या पासचं प्रमाण साठ टक्क्यांच्या बरंच खाली होतं. आता ते पासष्टच्या आसपास आहे. त्यात २०२१पासून सामने १६चे १७ झाले.

आपल्याकडे एकदिवसीय क्रिकेटचं उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचं आहे. ऑक्टोबर २०११पासून दोन टोकांनी दोन नवे चेंडू आले आणि जुन्या चेंडूचा रिव्हर्स स्विंग जवळजवळ संपला. त्याच्या आधीची आणि नंतरची सरासरी शेजारी ठेवून आपण थेट निकाल देत नाही, काळ लक्षात घेतो. इथेही तेच करायला हवं. जेफरसनचे ४९५ कॅच हे काही अंशी त्याचे आणि काही अंशी या काळाचे. मॉसचे ६० टचडाउन मात्र काळाच्या विरुद्ध जाऊन केलेले आहेत.

चौथाडाउन

शेवटचीओव्हर, नियमांबद्दल दुमत नाही. पण नियम सगळ्यांनाच बदलले. २००४नंतर किती रिसीव्हर आले! त्यातल्या एकालाही पहिल्या पाच वर्षांत ७,४३२ करता आले नाहीत. काळाने मदत केली असेल तर ती एकट्या जेफरसनला केलेली नाही.

आणखी एक. मॉसला आजच्या रिसीव्हरसारखं वापरून बघितलं होतं, त्याचं काय झालं? २००२मध्ये माइक टाइस प्रशिक्षक होते. त्यांनी जाहीर केलं की चाळीस टक्के पास मॉसकडेच जाणार. ‘रँडी रेशो’ असं नाव होतं त्या योजनेला. मॉसचे कॅच एकदम १०६ झाले. यार्ड १,३४७. टचडाउन सात! १९९८मध्ये त्याचा एक कॅच सरासरी १९ यार्डांचा होता, २००२मध्ये पावणेतेरापेक्षाही कमी. म्हणजे चेंडू जास्त आले, ते आखूड आले, बचावाला आधीच माहीत होतं कुठे येणार, आणि टचडाउन आटले. जेफरसन पाच वर्षं याच परिस्थितीत खेळतोय. सगळ्यांना माहीत असतं चेंडू १८ नंबरकडे जाणार, आणि तरी त्याचा एक कॅच सरासरी १५ यार्डांचा आहे. मॉसला त्या वर्षी जे जमलं नाही ते हा दर वर्षी करतो.

जुनापाहुणा

चौथाडाउन, २००२ सांगितलंत तर २००३ही सांगा. त्याच टाइस यांच्या हाताखाली १११ कॅच, १,६३२ यार्ड, १७ टचडाउन. सोळाच्या सोळा सामने. बचावाला तेव्हाही माहीत होतंच ना?

आणि २००४मध्ये तो मांडी दुखावलेली घेऊन खेळला. ४९ कॅच, त्यांतले १३ टचडाउन. दर चौथा कॅच टचडाउन! धड धावता येत नसताना.

रविवारचा_डबा

दोन्ही बाजूंचं वाचलं. क्वार्टरबॅकचा विषय नुसता चाटून पुढे गेलात, तिथे थांबायला हवं होतं. मॉसचीच कारकीर्द घ्या. २००६, ओकलंड: ४२ कॅच, ५५३ यार्ड, ३ टचडाउन. लोक म्हणायला लागले की याच्यातलं संपलं. दुसऱ्या वर्षी न्यू इंग्लंडने त्याला चौथ्या फेरीच्या एका निवडीच्या बदल्यात नेलं. २००७: ९८ कॅच, १,४९३ यार्ड, २३ टचडाउन, आजवरचा विक्रम. माणूस तोच, पाय तेच, वय एका वर्षाने जास्त. फरक क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीचा. मग ५५३चा मॉस खरा की १,४९३चा?

म्हणून नुसत्या रिसीव्हरच्या आकड्यावरून माणसाचं मोठेपण ठरवताना मला भीती वाटते. जेफरसनला ब्रेडी मिळालेला नाही. कझिन्स चांगला, सॅम डार्नल्डने २०२४मध्ये ३५ टचडाउन पास टाकले आणि संघ १४-३ (१४ विजय, ३ पराभव) राहिला, पण डार्नल्डही आता सिॲटलला गेला. यंदा जे. जे. मॅकार्थी, ज्याने गेलं अख्खं वर्ष गुडघ्याच्या दुखापतीत काढलं. जेफरसनच्या हातात चेंडू पकडणं आहे, पोचवणारा २०२३पासून सतत बदलतोय.

वीटभट्टी

मंडळी, तुम्ही दोघांत भांडताय आणि ज्याच्याशी खरी तुलना व्हायला पाहिजे त्याचं नावच कुणी काढेना. जेरी राइस! १,५४९ कॅच, २२,८९५ यार्ड, पासवरचे १९७ टचडाउन. हे आकडे हळू वाचा.

पहिले पाच हंगामच धरायचे म्हणता? धरा. १९८५ ते १९८९: ७६ सामने, ६,३६४ यार्ड, ६६ टचडाउन. मॉसच्या ६०च्याही पुढे, तेही चार सामने कमी खेळून. १९८७ला खेळाडूंचा संप झाला म्हणून राइस फक्त १२ सामने खेळला, त्यात २२ टचडाउन. मॉसचा २३चा विक्रम १६ सामन्यांचा आहे. भागाकार तुम्हीच करा.

बाप गवंडी. उन्हाळ्यात हा पोरगा बापाच्या हाताखाली विटा झेलायचा. मिसिसिपी व्हॅली स्टेटसारख्या लहान कॉलेजातून आला. त्याच्यापेक्षा वेगाने पळणारे ढीगभर होते. हंगाम नसताना सॅन कार्लोसच्या टेकडीवर असा पळायचा की सोबत आलेले तरुण अर्ध्यात ओकायचे. १९९७ला गुडघा गेला. लोक म्हणाले संपला. तो २००२मध्ये चाळिशी ओलांडताना ओकलंडसाठी १,२११ यार्ड करून सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, खेळला. चाळिशी! अन् प्लेऑफ? एकट्या प्लेऑफमधले २,२४५ यार्ड आणि २२ टचडाउन. जेफरसनचा संघ त्याच्यासकट प्लेऑफचे दोन सामने खेळला, न्यूयॉर्क जायंट्सशी आणि रॅम्सशी. दोन्ही हरला.

जेफरसनला राइस गाठायला २०२४नंतर आणखी १५,४६३ यार्ड पाहिजेत. दर वर्षी दीड हजार म्हटले तरी दहा वर्षांहून जास्त, एकही वर्ष वाया न घालवता. मॉस एवढा अफाट, तरी २०१०मध्ये एका हंगामात तीन संघ फिरून ३९३ यार्डांवर आला होता. पहिली पाच वर्षं सगळ्या मोठ्यांची सुंदरच असतात हो. माणूस कळतो तो पुढच्या दहा वर्षांत.

सेंटपॉलची_मेघना

वीटभट्टीदादा, राइसबद्दल एक अक्षर बोलणार नाही, तो वेगळाच आहे. पण प्लेऑफचं खापर रिसीव्हरवर फोडू नका. १९९८चे वायकिंग्ज १५-१ होते, ५५६ गुणांचा तेव्हाचा विक्रम. अटलांटाविरुद्ध गॅरी अँडरसनची किक हुकली आणि सगळं गेलं. दोन वर्षांनी जायंट्सनी ४१-० ने झोपवलं. त्यात मॉसने काय करायचं होतं? सुपर बोल ना मॉसला मिळाला, ना अजून जेफरसनला. आम्हा मिनेसोटाकरांना हे दुःख पाठ आहे.

मला टचडाउनच्या वादात एका कॅचबद्दल सांगायचंय. १३ नोव्हेंबर २०२२, बफलो. तिसऱ्या सत्रात वायकिंग्ज १७ गुणांनी मागे होते. शेवटी शेवटी चौथा डाउन आणि १८ यार्ड बाकी, हा पास चुकला तर सामना संपला. कझिन्सने चेंडू वर टाकला. बफलोच्या बचावपटूचे दोन्ही हात चेंडूवर होते. जेफरसनने मागे झुकून एका हाताने तो त्याच्याकडून ओढून घेतला. ३२ यार्ड. त्यानंतर वायकिंग्ज गोललाइनवर अडकले, टचडाउन झालाच नाही. मग बफलोच्या क्वार्टरबॅकच्या हातून स्नॅप (खेळ सुरू करताना मागे दिलेला चेंडू) सुटला आणि आमच्या बचावातल्या एरिक केंड्रिक्सने एंड झोनमध्ये, म्हणजे गोललाइनपलीकडच्या पट्ट्यात, चेंडूवर झेप घेतली, तोच टचडाउन ठरला. सामना जादा वेळात ३३-३० जिंकला.

आता त्या कॅचची नोंद बघा. एक कॅच, ३२ यार्ड, शून्य टचडाउन. ज्या कॅचवर अख्खा सामना फिरला तो टचडाउनच्या तक्त्यात नाहीच. ४० विरुद्ध ६० म्हणताना मला दर वेळी हे आठवतं.

गोदाकाठ

तो कॅच आत्ता शोधून बघितला. मुलालाही उठवून दाखवला. दोघंही गप्प बसलो होतो! यार्ड का मोजतात ते आता पक्कं कळलं.

शेवटचीओव्हर

मेघनाताई, तो कॅच कुठल्याही काळात, कुठल्याही नियमात थोरच. पण तो एक कॅच आहे. मॉसच्या बाबतीत असे चेंडू बचावपटूच्या डोक्यावरून काढणं इतकं नित्याचं होतं की त्याच्या आडनावाचंच क्रियापद झालं. आज शाळेतली मुलंसुद्धा कुणाच्या डोक्यावरून चेंडू काढला की ‘मॉस्ड’ म्हणून ओरडतात. तो निवृत्त झाला तेव्हा त्यांतली बरीच जन्मलीही नव्हती.

जांभळाझेंडा (धागाकर्ता)

इतकं भरभरून लिहिलंत, सगळ्यांचे आभार. मेघनाताईंच्या थीलनच्या मुद्द्याने आणि चौथाडाउन यांच्या २००२च्या दाखल्याने माझं एक मत नक्की बदललं. टचडाउनचा सगळा फरक भीतीच्या खाती टाकता येणार नाही. त्यातले काही टचडाउन संघाच्या रचनेचे आहेत. पण सगळे नाहीत. मॉसच्या सरासरी कॅचची लांबी पहिल्या पाच वर्षांत १६ यार्डांच्या वर होती, जेफरसनची १५. तेवढ्या एका यार्डातून वीस टचडाउन निघत नाहीत. बचाव जागेवर असताना, दोघं अंगावर असताना, चेंडू हवेत असताना मॉस तो शेवटपर्यंत नेत होता. हे वेगळं कौशल्य आहे आणि जेफरसनमध्ये ते त्या प्रमाणात नाही. उलट सुरुवातीच्या तीन पावलांत समोरच्याला चकवणं, आखूड रूटवर (ठरलेल्या धावेवर) मोकळं होणं, मैदानाच्या मधोमध मार खाऊन चेंडू धरणं यात जेफरसन मॉसच्या पुष्कळ पुढे आहे.

वीटभट्टी, राइसची तुलना दहा वर्षांनी करू. आज ती कुणाशीच होत नाही, मॉसशीही नाही.

यंदा बघण्यासारखं एवढं आहे: मॉसने पहिल्या सहा हंगामांत ८,३७५ यार्ड आणि ७७ टचडाउन केले, ९६ सामने, एकही न चुकवता. त्या यार्डांच्या पुढे जायला जेफरसनला या हंगामात ९४४ पुरेत. टचडाउन गाठायचे तर ३७ लागतील, आणि एका हंगामाचा विक्रमच २३चा आहे. यार्ड तो गाठेल असं मला वाटतं, मॅकार्थी कसाही निघाला तरी. चौथाडाउन आणि जुनापाहुणा, पहिल्या आठवड्यात शिकागोविरुद्धचा सामना सोमवारी रात्री आहे, म्हणजे भारतात मंगळवारी पहाटे. त्यासाठी वेगळा धागा काढतो, तिथे या.